केमोतला थकवा आणि तपासण्यांचे दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा ती ६१ वर्षांची होती. आठ केमो, मग ऑपरेशन, मग १५ दिवस लाईट, म्हणजे रेडिएशन. साधारण दहा महिने आम्ही कऱ्हाड-मुंबई करत होतो. त्या दिवसांत मी एक शंभर पानी वही ठेवली होती. आज किती खाल्लं, किती झोपली, रक्ताचे आकडे काय आले, सगळं त्यात. आई बरी झाली, वही कपाटात गेली, पण फोन थांबले नाहीत. कुणाच्या आत्याला, कुणाच्या सासऱ्यांना, कुणाच्या बायकोला नुकतंच निदान झालेलं असतं आणि ‘तुम्ही यातून गेलायत ना’ म्हणून विचारतात.

प्रश्न फिरून फिरून दोनच गोष्टींवर येतात. अंगात त्राणच नाही, काय करू? आणि इतक्या तपासण्या कशाला? दोन्हींची उत्तरं मी एकत्र लिहिते आहे, कारण थकलेल्या माणसालाच तपासणीला न्यायचं असतं आणि तपासणीचा एक दिवस पुढचे दोन दिवस खाऊन टाकतो. मी डॉक्टर नाही. इथलं काही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळत नसेल, तर त्यांचंच ऐका.

हा थकवा नेहमीच्या थकव्यापेक्षा वेगळा असतो का?

हो, आणि घरच्यांना हे पटायला वेळ लागतो. शेतातून किंवा ऑफिसातून दमून आलेला माणूस रात्रभर झोपला की सकाळी ताजा होतो. केमोतला माणूस दहा तास झोपून उठतो आणि तरी अंघोळीची बादली उचलवत नाही. केलेल्या कामाचा आणि आलेल्या थकव्याचा काही ताळमेळच नसतो. आई म्हणायची, “अंगातला पीळच गेलाय गं.” केस विंचरताना हात वर धरवेना, म्हणून पहिल्या केमोनंतर तिने वेणी घालणं सोडलं. केस तर नंतर गळाले.

डोकंही थकतं. वाचलेलं लक्षात राहत नाही, गॅसवर दूध ठेवून विसरायला होतं, सीरियलचा धागा सुटतो. त्यामुळे ‘मनाने खचलीये’, ‘जरा उमेद धर’ असं बोललं जातं. हा उपचारांचा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास आहे, उलट्यांपेक्षाही. उलटी झाली की आपण लगेच डॉक्टरांना सांगतो, थकवा मात्र ‘आता हे असायचंच’ म्हणून गिळून टाकतो. माझं एवढंच सांगणं आहे की तो गिळू नका.

थकवा वाढलाय म्हणजे आजार वाढतोय का?

नाही, तसा सरळ अर्थ काढू नका. केमो, लाईट, ऑपरेशन, यांतलं प्रत्येक थकवतं. गाठ छान आकसत असतानाही माणूस पार गळून गेलेला असू शकतो. आईच्या बाबतीत हेच झालं. तिसऱ्या केमोला ती सगळ्यात जास्त आडवी होती आणि त्याच वेळी हाताला लागणारी गाठ निम्मी झाली होती.

कोणत्या दिवशी जास्त थकवा येतो, याचा काही अंदाज बांधता येतो का?

बांधता येतो. या एका गोष्टीने आमचं घर सावरलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बऱ्याच केमो २१ दिवसांच्या अंतराने असतात. केमोच्या दिवशी आणि पुढचे एक-दोन दिवस उलट्या आणि अॅलर्जी होऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात. त्याने खोटा जोर येतो. दुसऱ्या दिवशी आईने स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून पुसले, रात्री दोन वाजता टक्क जागी होती, आणि आम्ही खूश, की वा, हिला तर काहीच त्रास नाही. चौथ्या दिवशी ती उठून बसेना. स्टेरॉइडचा अंमल उतरला की असंच होतं. तेव्हा पहिल्या दोन दिवसांत आलेला जोर उधळू नका, तो उसना असतो.

त्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा पुन्हा गळाठा येतो आणि जंतुसंसर्गाची भीतीही त्याच काळात जास्त. तिसरा आठवडा बराच बरा जातो. बँकेचं काम, आवडीच्या माणसाची भेट, देवळात जाणं, जे काही करायचं ते त्या आठवड्यात ठेवा. आम्ही कालनिर्णयवर केमोच्या दिवसापासून १ ते २१ असे आकडे लाल पेनने लिहायचो. दोन केमोंनंतर आम्हाला आईचा अंदाज आला. प्रत्येकाचा वेगळा असतो, पण एका माणसाचा बऱ्यापैकी तसाच फिरून येतो.

लाईटचं, म्हणजे कोणी ज्याला शेक म्हणतात त्या रेडिएशनचं, वेगळं आहे. पहिला आठवडा काहीच जाणवत नाही. थकवा हळूहळू साचत जातो, शेवटी जास्त होतो आणि लाईट संपल्यावरही काही आठवडे टिकतो.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतात, ‘थोडा थकवा राहणारच’. मग सांगायचं तरी कसं?

ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं असतात. ‘खूप थकवा आहे’ हे वाक्य तिथे कानावरून जातं. आकडा सांगा. थकवा अजिबात नाही म्हणजे ०, याहून जास्त असूच शकत नाही म्हणजे १०. साधारण ४ च्या पुढे गेला की डॉक्टरांनी त्याकडे वेगळं लक्ष द्यावं अशी पद्धत आहे आणि ७ च्या पुढचा थकवा गंभीर मानतात. सोबत एक रोजचं उदाहरण द्या. ‘मागच्या महिन्यात जिना चढत होते, आता संडासला जाऊन आले तरी बसावं लागतं.’ असं वाक्य कोणताही डॉक्टर सोडून देत नाही.

सांगायचं यासाठी, की त्या थकव्यातला काही भाग दुरुस्त होण्यासारखा असतो. हिमोग्लोबिन उतरलेलं असेल. थायरॉइड मंदावलं असेल. मानेवर लाईट घेणाऱ्यांत आणि इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध, घेणाऱ्यांत हे पाहावंच लागतं. सोडियम-पोटॅशियम खाली गेलं असेल, बी-१२ कमी असेल, दुखण्यामुळे झोप लागत नसेल. उलटीवरची किंवा झोपेची एखादी गोळीच दिवसभर गुंगीत ठेवत असेल. मन उदास असेल, तर त्यावरही औषध आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही. आईच्या बाबतीत रात्रीची एक गोळी दोन तास आधी घ्यायला सांगितली आणि सकाळची सुस्ती निम्म्याने उतरली. तोवर तीन आठवडे आम्ही विचारलंच नव्हतं.

हिमोग्लोबिन ९ आलंय. बीट, खजूर, डाळिंब देतोय, वाढेल ना?

द्या, खायला चांगलंच आहे. पण केमोत हिमोग्लोबिन उतरतं ते मुख्यतः हाडांच्या आतल्या मगजातला रक्त तयार करायचा कारखाना औषधांमुळे मंदावतो म्हणून. कच्चा माल टाकून कारखान्याचा वेग वाढत नाही. शरीरात लोह खरंच कमी असेल तर ते रक्ताच्या तपासणीत कळतं आणि मगच लोहाची गोळी किंवा सलाईनमधून लोह देतात. मेडिकलमधून आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या आणू नका. बद्धकोष्ठता आधीच असते, ती आणखी वाढते. रक्त चढवायचं की नाही हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही. ७-८ च्या खाली गेलं, किंवा धाप लागणं, छातीत धडधडणं सुरू झालं, तर डॉक्टर तो विचार करतात.

मग दिवसभर झोपून राहावं का?

नाही. मलाही हे उलटं वाटलं होतं. थकलेल्या माणसाला चाल म्हणणं जिवावर येतं. पण उपचारांतल्या थकव्यावर ज्या उपायाचा गुण सगळ्यात पक्का दिसून आला आहे तो म्हणजे हलका, नियमित व्यायाम. पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने झिजतात आणि मग तेवढंच काम करायला जास्त जोर लागतो.

आम्ही पाच मिनिटांपासून सुरुवात केली. ओट्यापासून तुळशीपर्यंत आणि परत. वाईट दिवशी फक्त खाटेवर बसून पाय लांब करणं, घोटे फिरवणं. बऱ्या आठवड्यात ती वीस मिनिटं चालायची, उन्हं उतरल्यावर. ताप असेल, चक्कर येत असेल, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) फार खाली असतील, तर त्या दिवशी नको. आजार हाडांत असेल तर कोणते व्यायाम करायचे ते आधी विचारून घ्या.

दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची ठेवा आणि तीनच्या आत उरका. नाहीतर रात्र जागून जाते आणि दुसरा दिवसही गेला.

घरकाम कुणी करायचं? बाईमाणसाला बसून राहवत नाही.

खरं आहे. त्यामुळे ‘तू काही करू नकोस’ असं म्हणू नका. तिला एक काम निवडू द्या, बाकीची काढून घ्या. आईला कणीक मळवत नव्हती, पण भाजी निवडायला बसायला आवडायचं. अंघोळीला प्लॅस्टिकचं स्टूल, ओट्याजवळ उंच खुर्ची, गाऊनला पुढून बटणं, पिण्याचं पाणी हाताशी. या चार गोष्टींत दिवसाचा बराच जोर वाचतो.

भेटायला येणाऱ्यांचं मात्र स्पष्ट ठरवा. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं वाईट दिसतं, आणि आलेल्यासमोर आजारी माणूस उठून बसतो, हसतो, चहाचं बघायला सांगतो. अर्ध्या तासाची भेट संध्याकाळपर्यंत वसूल होते. आम्ही सातव्या ते चौदाव्या दिवसांत कुणालाच घरात घ्यायचो नाही आणि कारण सरळ सांगायचो, डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली आहे. ज्यांना मदत करायची होती त्यांना डबा आणायला सांगितला.

जेवण जातच नाही. जोर कुठून येणार?

ताट वाढून समोर ठेवू नका, ते बघूनच नको वाटतं. वाटीवाटीने, दोन-दोन तासांनी. मुगाची मऊ खिचडी, नाचणीची पेज, घट्ट वरण, पूर्ण उकडलेलं अंडं, घरचं ताजं ताक, राजगिऱ्याचा लाडू दुधात कुस्करून. प्रथिनांकडे जास्त लक्ष द्या, आपल्या जेवणात तीच कमी पडतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम मिळतात. तोंड आलं असेल तर सगळं कोमट आणि बिनतिखटाचं. उघड्यावरचा चिरलेला फळांचा तुकडा, उसाचा रस, पाणीपुरी हे सगळं उपचार संपेपर्यंत बंद.

उपवासाबद्दल विचारतात. आई आयुष्यभर संकष्टी धरत आली होती. केमोच्या काळात तिने ती सोडली नाही, पण उपवासही केला नाही. चंद्रोदयाला हात जोडायची आणि जेवायची वेळेवर.

गुळवेल, गव्हांकुर, पपईच्या पानांचा रस दिला तर?

विचारल्याशिवाय नको. देणाऱ्याची माया खरी असते, पण केमोची बरीच औषधं यकृतात आणि मूत्रपिंडात निचरा होतात आणि काढ्यांचा भारही तिथेच पडतो. गुळवेलामुळे यकृताला इजा झालेले रुग्ण करोनाच्या काळात मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवले होते. कच्चा रस स्वच्छ असेलच असं नाही आणि पांढऱ्या पेशी खाली असताना ते परवडत नाही. काही आधीपासून देत असाल तर लपवू नका. पुढच्या भेटीत बाटली किंवा पुडीच घेऊन जा.

दर केमोच्या आधी रक्त काढतात. आधीच अशक्त माणसाचं रक्त कशाला?

एका सीबीसीला, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीला, दोन-तीन मिलिलिटर रक्त लागतं, चमचाभरही नाही. त्याने अशक्तपणा येत नाही.

त्या चमच्यात काय बघतात ते कळलं की भीती कमी होते. केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर मारा करते आणि हाडांच्या मगजातल्या रक्त बनवणाऱ्या पेशी तशाच असतात. तयार झालेल्या पेशींचं आयुष्य वेगवेगळं आहे. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस. म्हणून आधी पांढऱ्या पडतात, मग प्लेटलेट, आणि हिमोग्लोबिन महिन्या-महिन्याने हळूहळू उतरतं. पुढचा डोस देण्याआधी या सगळ्या पुरेशा सावरल्या आहेत ना, एवढंच बघायचं असतं.

रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यांतले न्यूट्रोफिल किती टक्के ते असतं. दोन्हींचा गुणाकार करायचा. एकूण ३२०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, म्हणजे १२८०. बऱ्याच केमोंसाठी हा आकडा १५०० च्या वर आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर असाव्यात असं धरतात. काही औषधांना कमी चालतं. ५०० च्या खाली गेलं तर फार जपावं लागतं. सोबत मूत्रपिंडाची (क्रिएटिनिन) आणि यकृताची तपासणी असते, कारण औषध शरीराबाहेर टाकायचं काम त्यांचं.

‘लाल केमो’, म्हणजे लाल रंगाचं औषध, असेल तर आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. ते औषध हृदयाच्या स्नायूला थकवू शकतं, म्हणून हृदयाची पंपाची ताकद मोजून ठेवायची असते. लाल केमोनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. आम्ही पहिल्यांदा घाबरून रात्री साडेअकराला फोन केला होता.

काउंट कमी म्हणून केमो आठवडाभर पुढे ढकलली. एवढ्या लांबून आलो होतो. नुकसान होणार का?

पेशी सावरेपर्यंत काही दिवस थांबणं हा उपचारांचाच भाग आहे. कधी काउंट वाढवण्याचं पोटातलं इंजेक्शन देतात. त्याने कंबर, मांड्यांची हाडं ठणकतात. ते अपेक्षित आहे, दुखण्यावर काय घ्यायचं ते आधीच विचारून ठेवा.

फेरी फुकट जाऊ नये म्हणून एक करता येतं. केमोच्या एक-दोन दिवस आधीचं रक्त गावातल्या चांगल्या लॅबमध्ये देऊन रिपोर्ट डे-केअरला, म्हणजे केमो देतात त्या विभागाला, पाठवला तर चालेल का, हे तुमच्या हॉस्पिटलात विचारा. आमच्याकडे चाललं. मात्र लॅब बदलत राहू नका, एकाच ठिकाणचे आकडे एकमेकांशी नीट जुळवून पाहता येतात.

शीर सापडतच नाही. चार-चार वेळा टोचतात.

याचं आईला सुईपेक्षा जास्त दडपण असायचं. एका ठिकाणी पाचव्यांदा टोचल्यावर ती काही बोलली नाही, फक्त तोंड भिंतीकडे केलं. तेव्हापासून आम्ही दोनदा जमलं नाही की हात जोडून सांगायला लागलो, जुन्या सिस्टरांना बोलवा. कुणी रागावलं नाही.

आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या, तपासणी उपाशीपोटी असली तरी साधं पाणी बहुतेक वेळा चालतं, विचारून घ्या. हात गरम ठेवा. थंडीत आम्ही गरम पाण्याची पिशवी घेऊन जायचो. स्तनाच्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला शक्यतो सुई आणि बीपीचा पट्टा नको. हे प्रत्येक वेळी आपणच सांगायचं, समोरच्याला फाइल वाचायला वेळ असतोच असं नाही.

केमो बऱ्याच असतील तर पोर्टबद्दल विचारा. कॉलरच्या हाडाखाली कातडीच्या आत एक छोटी डबी बसवतात आणि औषध तिथून देतात. खर्च आहे, छोटं ऑपरेशन आहे, वापर नसतानाही ठरावीक आठवड्यांनी तो धुवून घ्यावा लागतो. पण हातांच्या शिरा वाचतात. आम्ही तिसऱ्या केमोनंतर बसवला. पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं.

सीटी, एमआरआय, पेट, हाडांचा स्कॅन… कशाची काय तयारी?

सीटीत क्ष-किरणांनी आतले थर दिसतात. बहुतेक वेळा शिरेतून रंगाचं औषध देतात, त्यासाठी आधी क्रिएटिनिन बघतात. औषध जाताना अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. झालेली नसते. पूर्वी कशाची अॅलर्जी आली असेल, मधुमेहाची गोळी चालू असेल, तर आधी सांगा.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, चुंबक आहे. म्हणून अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, चमकी, जोडवी, बांगड्या आणि बायका हमखास विसरतात त्या सेफ्टी पिना. घट्ट बसलेली जोडवी आदल्या रात्री घरी साबण लावून काढा. तिथे दारात ओढाताण नको. सौभाग्यलेणं काढायला आईचा जीव तुटत होता. मी तिच्या हातात काळा दोरा बांधला आणि मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं. मशीनचा ठणठणाट मोठा असतो, कानाला लावायला देतात. हातात एक रबरी फुगा असतो, दाबला की बाहेर कळतं. बंद जागेची भीती असेल तर आधीच बोला, झोपेचं हलकं औषध देता येतं. आईने डोळ्यांवर रुमाल ठेवून मनाचे श्लोक म्हटले. अर्धं एमआरआय त्यात गेलं, ती म्हणाली.

पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं, किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. जिथे पेशी जास्त साखर खातात तिथे चित्रात उजेड दिसतो. सगळी तयारी त्या एका गोष्टीवर बेतलेली असते. चार ते सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. रक्तातली साखर फार वाढलेली असेल, २०० च्या वर, तर स्कॅन पुढे ढकलू शकतात, म्हणून मधुमेह असलेल्यांनी इन्सुलिन आणि गोळ्यांचं वेळापत्रक आधी फोनवर विचारून घ्यावं. आदल्या दिवशी दगदग, व्यायाम नको, कारण दमलेले स्नायूही साखर ओढतात. औषध दिल्यावर तासभर शांत पडून राहायचं, बोलायचं नाही, काही चघळायचं नाही. थंडी वाजली तर शरीरातली ऊब देणारी चरबी साखर खायला लागते आणि चित्र गढूळ होतं. एसी कडक असतो, तेव्हा स्वेटर आणि पायमोजे मे महिन्यातही न्या. त्या औषधाचा जोर साधारण ११० मिनिटांनी निम्मा होतो, पाणी पीत राहा, लघवीला जात राहा. त्या दिवशी नातवंडांना मांडीवर घेऊ नका आणि गरोदर सुनेपासून लांब बसा. संध्याकाळी कडेवर घ्यायला येणाऱ्या नातीला ‘आजी उद्या’ म्हणणं आईला सुईपेक्षा कठीण गेलं.

हाडांच्या स्कॅनला उपास लागत नाही. इंजेक्शननंतर दोन ते चार तास थांबावं लागतं. एक चादर आणि उशी न्या.

आणि कोणत्याही स्कॅनला जुन्या फिल्म आणि सीडी बरोबर हव्यातच. आधीच्या चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय नव्या चित्राचा अर्थ अर्धाच लागतो.

सुई लावून तुकडा काढला की गाठ पसरते म्हणतात.

ही समजूत फार जणांना घरी बसवते. तुकड्याच्या तपासणीशिवाय कोणता कर्करोग आहे, कोणतं औषध लागू पडेल, हेच कळत नाही. योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीने आजार पसरण्याची भीती धरून ती टाळू नका.

ताप आला तर?

हे उत्तर फ्रीजवर चिकटवा. केमो चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, म्हणजे ताबडतोब हॉस्पिटल. रात्रीचे तीन वाजलेले असोत. पांढऱ्या पेशी खाली असताना ताप हीच कधी कधी जंतुसंसर्गाची एकमेव खूण असते आणि अँटिबायोटिक सुरू व्हायला तासांचा उशीरही महागात पडतो. विचारल्याशिवाय क्रोसीन देऊन ताप उतरवू नका, खूण पुसली जाते. थंडी वाजून हुडहुडी भरणं, धाप, हिरड्यांतून किंवा कातडीखाली रक्त, अंगावर लाल ठिपके, माणूस बरळणं, एकाएकी अंथरुणातून उठता न येणं, यांतलं काही दिसलं तर ताप नसला तरी निघा. हा ‘नेहमीचा थकवा’ नव्हे.

लांबून येणाऱ्यांनी प्रवास आणि राहणं कसं करावं?

उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत सवलत आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला १०० टक्के, सोबत्याला ७५ टक्के. हॉस्पिटलचं ठरावीक प्रमाणपत्र लागतं, ते पहिल्याच भेटीत करून घ्या. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातून कर्करुग्णाला जाता येतं, कागद जवळ ठेवा आणि संकोच करू नका. आजार बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कुणी विचारलं तर शांतपणे दाखवा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा परळच्या टाटा हॉस्पिटलात येणाऱ्यांचा मोठा आधार आहे. सगळं मुंबईतच व्हायला हवं असंही नाही. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कर्करोगाची हॉस्पिटलं आहेत. निदान मुंबईत आणि पुढच्या केमो जवळ, असं होईल का ते विचारा. वाचलेला प्रत्येक प्रवास म्हणजे रुग्णाच्या अंगात राहिलेला एक दिवस.

दोन तपासण्या एका दिवशी जमत असतील तर जोडून घ्या, पण तीन नको. आणि परतीचा प्रवास त्याच रात्री नको.

रिपोर्ट यायला आठवडा. तोवर झोप नाही. काय करावं?

वेळ का लागतो हे कळलं तर थोडं बरं वाटतं. काढलेला तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मग मेणात बसवून केसाहून पातळ काप काढतात, रंग देतात, मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुढच्या खास तपासण्या त्यानंतर. उशीर म्हणजे वाईट बातमी, असं नसतं.

मोबाइलवर आलेला रिपोर्ट रात्री उघडू नका, हे मी स्वतः केलेल्या चुकीतून सांगते. लाल रंगातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ मी पहाटेपर्यंत शोधत बसले होते. सकाळी डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, केमोत हे असंच दिसतं. कर्करोगाच्या खुणेचे जे रक्ताचे आकडे असतात, तेही इतर कारणांनी थोडे वर-खाली होतात. एका आकड्यावर काही ठरत नाही. घरात एकानेच रिपोर्ट हाताळावा आणि तो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नये. रुग्णाला किती सांगायचं हे रुग्णालाच विचारा. आम्ही आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आकडे तू बघ, मला फक्त पुढं काय करायचंय ते सांग.”

सांभाळणारा थकला तर?

थकतोच. सहाव्या केमोला मी डे-केअरच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले आणि सलाईन संपल्याचं आईनेच सिस्टरांना सांगितलं. त्यानंतर भावाने आणि वहिनीने एकाआड एक केमो वाटून घेतल्या. वही सगळ्यांची एकच राहिली, त्यामुळे कुणाला काही वेगळं सांगावं लागलं नाही.

उपचार संपून चार महिने झाले. अजून थकवा आहे. घरचे म्हणतात, आता काय झालं?

काही जणांना सावरायला महिने लागतात, काहींना वर्ष किंवा जास्तही. केस परत येतात, लोक ‘छान दिसतेस’ म्हणतात आणि अपेक्षा लगेच जुन्या होतात. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर सांधे धरतात, घाम येतो, झोप मोडते, त्याचाही थकवा असतो. फेरतपासणीला ० ते १० चा आकडा पुन्हा सांगा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघायला सांगा, चालणं सोडू नका. उतरलेला थकवा पुन्हा एकाएकी वाढला, सोबत वजन घटलं किंवा नवं दुखणं सुरू झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

आईला लाईट संपल्यावर साडेसात महिने लागले. एका सकाळी ती पायरीवर बसून वेणी घालत होती, बोटभर केसांची, रबर बसत नव्हतं. हात वर होते आणि ती मध्ये थांबली नाही. मी वहीत तारीख लिहिली.